लाटणं आणि चष्मा

निवृत्त झाल्यापासून घरातली जी खाती माझ्याकडे वर्ग झाली, त्यात किराणा हे सगळ्यात वरचं. आधी मला वाटायचं, यादी घ्यायची, पिशवी भरायची आणि परत यायचं. पण गेल्या दोन वर्षांत या कामाला मला तासभर लागायला लागला आहे. कारण मी पाकिटं वाचतो. पाकिटाच्या पाठीमागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात जे छापलेलं असतं ना, ते. चष्मा कपाळावर चढवायचा, पाकीट नाकाला लावायचं आणि वाचायचं. दुकानातला मुलगा परवा शेवटी न राहवून म्हणाला, "काका, डेट ताजीच आहे, कालच माल आलाय." त्याला काय सांगणार, की बाबा रे, मी तारीख बघत नाहीये, मी जंगल शोधतोय!

झालं असं, की मुलगी दूर नोकरीला असते. एकदा फोनवर म्हणाली, "बाबा, आपल्या घरात पामतेल आणू नका. इंडोनेशियातली जंगलं त्याच्यासाठी जाळतात. ओरांगउटान राहतात तिथे." तिने दोनचार चित्रफिती पाठवल्या. एकीत तोडलेल्या जंगलात ते लालसर केसांचं माकड एका उभ्या राहिलेल्या ओंडक्याला धरून बसलेलं होतं. मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, आजपासून आपल्याकडे पामतेल बंद.

बायको म्हणाली, "आपल्याकडे कधी होतं? आपण शेंगदाण्याचंच आणतो."

तेव्हा पाकिटं वाचायला सुरुवात झाली आणि कळलं की पामतेल आमच्या घरात पिशवीतून येत नव्हतं, ते चहाबरोबर येत होतं. बिस्किटात होतं, टोस्टात होतं, नातवंडांच्या शेवयांत होतं (ज्या दोन मिनिटांत होतात असं म्हणतात), फरसाणात होतं, चॉकलेटाच्या गोळीत होतं. ज्या साबणाने मी ते पाकीट धरलेले हात धुतले त्यातही बहुधा होतंच. मग एकेक गोष्ट बंद होत गेली. बिस्किटांच्या जागी राजगिऱ्याचा लाडू आला. नातवंडं हिरमुसली. मी मात्र खूश होतो. कुणी आलं की हळूच विषय काढायचा आणि सांगायचं, "आमच्याकडे पामतेल येत नाही."

हे सगळं आई बघत होती. आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येतं, पण जे ऐकू यायला नको ते बरोबर येतं. एकदा म्हणाली, "पामतेल? अरे, त्याच्यावर तर तुम्ही दोघं भाऊ वाढलात."

मी म्हटलं, "अगं, तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"तेव्हा तेलच नव्हतं," आई म्हणाली.

त्या एका वाक्यामुळे मी हा सगळा इतिहास शोधत बसलो. तो इथे मांडतो आहे. थोडा लांब आहे, पण आपल्या प्रत्येकाच्या कढईतून गेलेला आहे.

आईचं माहेर सोलापूरकडचं. तिच्या लहानपणी तेल म्हणजे करडईचं किंवा शेंगदाण्याचं. गावात घाणा होता. बैल गोल गोल फिरायचा, लाकडी उखळात दाणा भरडला जायचा, तेल खाली भांड्यात आणि पेंड गुरांना. घरची करडई घेऊन जायची, तेल घेऊन यायचं. तेलाची किटली आपली स्वतःची. (मुलगी मला दुकानात आपला डबा घेऊन जायला सांगते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग दुसऱ्याचा नेतात का?")

करडईला त्या भागात वेगळं रान लागायचं नाही. रब्बीच्या ज्वारीत चार ओळी करडईच्या, नाहीतर शेताच्या कडेने. झाड काटेरी, त्यामुळे गुरं आत शिरत नसत. कोवळी असताना पाल्याची भाजी, पिकल्यावर तेल, आणि मधल्या काळात कुंपण. मूळ खोल जातं, म्हणून पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक निघायचं. वेगळं पाणी द्यायला नको. आजच्या भाषेत ज्याला पर्यावरणस्नेही म्हणतात ते हेच असावं. तेव्हा त्याला नाव नव्हतं.

शहरात मात्र गोष्ट वेगळी होती. शहरात डालडा आला होता. लिव्हर कंपनीने १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, मुंबईत शिवडीला कारखाना घातला आणि १९३७ साली डालडा हे नाव बाजारात आणलं. तेलात हायड्रोजन वायू सोडून ते तुपासारखं गोठवायचं, ही त्यामागची युक्ती. तूप परवडत नाही त्यांचं तूप. लोकांना ते पटावं म्हणून डब्याच्या आकाराच्या गाड्या फिरवल्या, नाक्यावर पुऱ्या तळून दाखवल्या. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता. दुकानदार ते तुपात मिसळतील ही भीती होतीच, म्हणून सरकारने वनस्पतीत थोडं तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाच्या तेलाची एक रासायनिक चाचणी असते, तिच्यात लाल रंग येतो. तूप लाल झालं की समजायचं, चोर सापडला!

त्या पिवळ्या डब्यावर एक माडासारखं हिरवं झाड असायचं. आमच्या गॅलरीत तुळस त्याच डब्यात होती, त्यामुळे ते झाड मला पाठ आहे. गंमत अशी, की सुरुवातीच्या दशकांत त्या डब्यात मुख्यतः शेंगदाण्याचं तेल असे. झाड डब्यावर होतं, आत नव्हतं. आज बरोबर उलट झालं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाच्या ओंब्या आणि दुधाचे थेंब असतात, आणि झाड आत असतं.

आता १९७२ कडे येतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्या सालाबद्दल काही सांगायला नको. दुष्काळ. भुईमूग गेला, आणि तेव्हा देशाच्या तेलात सिंहाचा वाटा भुईमुगाचाच असल्यामुळे तेल गेलं. जे होतं ते गोदामात दडलं. आम्ही तेव्हा गोरेगावला राहायचो. दोन खोल्या, आम्ही चौघं आणि आजी. मला त्या दिवसांतल्या दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे कोरडी चटणी. आई वाटीत चटणी वाढायची आणि आम्ही तेल मागितलं की म्हणायची, "पाणी घाल." दुसरी गोष्ट म्हणजे एक दिवस शाळेतून आलो तर पोळ्या झालेल्या नव्हत्या. आजी म्हणाली, "तुझी आई लाटणं घेऊन गेलीय."

"कुठे?"

"सचिवालयात."

(मंत्रालयाला तेव्हा सचिवालय म्हणत.)

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एका झेंड्याखाली आल्या. झेंड्याखाली म्हणण्यापेक्षा लाटण्याखाली म्हणू. हजारो बायका थाळ्या वाजवत, लाटणी उगारत रस्त्यावर आल्या. धान्य, साखर, तेल, रॉकेल यांचा रास्त भावाने पुरवठा करा ही मागणी. मंत्र्यांना घेराव घालायचे, साठेबाजांच्या दारात जाऊन उभं राहायचं. १९७५ साली आणीबाणी येईपर्यंत हे चाललं. गोरेगाव तर मृणालताईंचंच. आमच्या चाळीतल्या झाडून सगळ्या बायका कधी ना कधी गेल्या असतील. आई दोनदा गेली. त्याआधी आई एकटी कधी दादरच्या पुढे गेलेली नव्हती.

मी तिला परवा विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"भीती कसली? एवढ्या बायका होतो. गाडीत फुकट बसायला मिळालं," असं म्हणून ती हसली. मग म्हणाली, "लाटणं मात्र हरवलं. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा गर्दीत पडलं. नवीन घेतलं ते अजून आहे."

पुढे जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं. आई ज्यासाठी रस्त्यावर गेली ते तेल आलं. पण कुठून आलं? १९७७ नंतर केंद्र सरकारने स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत खाद्यतेलाची मोठी आयात सुरू केली आणि रेशनच्या दुकानांत ते तेल मिळू लागलं. कधी मोहरीच्या जातीचं, कधी सोयाबीनचं, आणि पुष्कळदा पामोलिन. मलेशियाहून. त्या काळात व्यापार आणि नागरी पुरवठा खातं आपल्या पुण्याच्या मोहन धारियांकडे होतं. पुढे याच धारियांनी 'वनराई' काढली आणि उरलेलं आयुष्य झाडं लावण्यात घालवलं. मी हे दोष म्हणून सांगत नाही. त्या वेळी समोर रिकामा डबा घेऊन उभी असलेली माणसं होती, आणि जंगल समुद्रापलीकडे होतं. रिकामा डबा आधी दिसतो.

रेशनच्या रांगेत डबा धरून उभं राहायचं काम माझं. ते तेल थंडीत तळाशी पांढुरकं व्हायचं. आईला त्याचा वास आवडत नसे, म्हणून आधी चांगलं तापवून त्यात लिंबाची फोड टाकायची. पण त्या तेलात दिवाळी झाली. चार वर्षांनी आमच्या घरात चकल्या तळल्या गेल्या. आजी म्हणाली होती, "तेल परदेशी असलं तरी चकली आपलीच आहे."

तिकडे काय चाललं होतं तेही बघू. पामतेलाचं झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. १८४८ साली डच लोकांनी त्याची चार रोपं जावा बेटावर आजच्या बोगोर इथल्या वनस्पती उद्यानात लावली. साठेक वर्षं ती शोभेचीच झाडं होती. १९११ साली सुमात्रात आणि १९१७ साली मलायात त्यांची व्यापारी लागवड सुरू झाली. मलेशिया स्वतंत्र झाल्यावर तिथल्या सरकारने रबरावरचं अवलंबन कमी करायला हे झाड धरलं. तरी एक अडचण होती. आपल्या मूळ देशात हे झाड एका भुंग्यामुळे फळतं, तो भुंगा इकडे नव्हता. मजूर हातांनी फुलांवर पराग टाकायचे. १९८१ साली तो भुंगा कॅमेरूनहून आणून मलेशियात सोडला, आणि हाताचं काम संपलं. तो आणवण्यात पुढाकार होता लिव्हर कंपनीच्याच मळ्यांचा. म्हणजे डालडाच्याच घराण्याचा!

मग मळे वाढत गेले. आधी मलेशियात, नंतर त्याहून जास्त इंडोनेशियात. सुमात्रा, बोर्निओ. जंगल तोडायचं, दलदलीची जमीन कोरडी करायची आणि साफ करायला आग लावायची. ही दलदलीची जमीन म्हणजे हजारो वर्षांचा कुजलेला पालापाचोळा. एकदा पेटली की आत आत धुमसत राहते आणि सगळा साठलेला कार्बन हवेत. १९९७ आणि २०१५ साली तिथे अशा आगी लागल्या, की सिंगापूर-मलेशियापर्यंत आकाश धुराने भरलं.

आणि आपण? आपली गोष्ट वाचताना मला सगळ्यात जास्त हळहळ वाटली. कारण आपण एकदा जवळजवळ सुटलो होतो. १९८६ च्या मे महिन्यात राजीव गांधींच्या सरकारने तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. सुधारित बियाणं, हमीभाव, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था. दुधातल्या कुरियनांच्या मंडळाने १९८८ साली 'धारा' तेल आणलं. (ती जिलबीची जाहिरात आठवते ना?) दहा वर्षांत तेलबियांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपण आपल्या गरजेचं बहुतेक सगळं तेल इथेच काढत होतो. पीतक्रांती म्हणायचे तिला.

मग १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला आयातशुल्क ६५ टक्के होतं. ते उतरत उतरत १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आलं. तेल स्वस्त झालं, गिऱ्हाईक खूश. त्याच १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीतेलाने माणसं मेली आणि सुट्या तेलाच्या विक्रीवर बंदी आली. ती योग्यच होती, पण तिच्यामुळे किटली गेली, प्लॅस्टिकची पिशवी आली, आणि छोटा घाणेवाला आणखी मागे पडला. शेतकऱ्याने काय करायचं? आयात तेलाचा भाव पडला की इथे तेलबियांचा भाव पडतो. करडईची कापणी हातमोजे घालून, फडकी गुंडाळून करावी लागते, त्याला मजूर मिळेनात. सोलापूर, लातूर, परभणीकडे करडईचं रान आटत गेलं. खरिपात सोयाबीन आलं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी सगळी पेंड, जी कोंबड्यांना जाते. आणि त्याचंही बघा. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल, आणि आपल्या शेतकऱ्याला बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं.

२०२३-२४ या तेलाच्या वर्षात भारताने सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात केलं. त्यात पामतेल ९० लाख टन. आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. हे मी पाकिटं वाचून ठरवलेलं नाही, माझ्या शेजाऱ्यानेही ठरवलेलं नाही. दुकानात जी फळी समोर दिसते ती आपण जायच्या आधी तीस वर्षं कुणीतरी लावून ठेवलेली असते.

हा सगळा अभ्यास चालू असतानाच गेली दिवाळी आली, आणि माझ्या हातून जे व्हायचं ते झालं.

आईचं बघायला दिवसा एक ताई येतात. पाच वर्षं झाली. आईचं न्हाणं, औषधं, चालवणं सगळं त्यांच्यावर. त्यांनी दिवाळीत घरून डबा आणला. चकल्या आणि शंकरपाळे. डबा माझ्यापुढे धरला आणि मी... मी विचारलं, "कशात तळल्यात?"

त्या म्हणाल्या, "तेलात."

"तसं नाही, कुठल्या?"

"पामोलिन आहे. आमच्याकडे तेच असतं, दादा."

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण मी नुकताच सगळं वाचून बसलेलो. मी त्यांना जंगल सांगितलं, आग सांगितली, ओरांगउटानसुद्धा सांगितला. चांगली पाच मिनिटं. वर म्हटलं, "म्हणून आम्ही खात नाही." त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. डब्याचं झाकण लावलं आणि तो ओट्यावर नेऊन ठेवला. काही बोलल्या नाहीत.

आई खाटेवरून बघत होती. तिने डबा मागवला. तिला दात नाहीत. तिने चकली मोडून चहात घातली, ती मऊ होईपर्यंत थांबली आणि चमच्याने खाल्ली. मग दुसरी. माझ्याकडे न बघता. ताई गेल्यावर मला म्हणाली, "आम्ही मोर्चा नेला तो सगळ्यांना तेल मिळावं म्हणून. तू आपलं घर तेवढं स्वच्छ ठेवतोयस."

मी उत्तर द्यायला गेलो. आयात, शुल्क, टक्केवारी सगळं तोंडात तयार होतं. पण बोललो नाही, हे बरं केलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्यात काय दादा, तुम्ही खरंच सांगत होतात." त्या पुढे डबा आणत राहिल्या, पण माझ्यापुढे धरायचा तो आईच्या हातात देऊ लागल्या. अजूनही तसंच आहे. पाच मिनिटांच्या भाषणाची किंमत.

त्यानंतर मी पुन्हा सगळं मांडून बघितलं. लाकडी घाण्याचं करडईचं तेल आमच्या इथे मिळतं, पण ते पामोलिनच्या पिशवीच्या तिप्पट भावाने. ते मी घेऊ शकतो याचा अर्थ माझं पेन्शन बरं आहे एवढाच. त्यात पुण्य काय आहे?

दुसरं म्हणजे, समजा उद्या सगळ्यांनी पामतेल सोडलं. पामचं एक हेक्टर वर्षाला तीन-साडेतीन टन तेल देतं. सोयाबीनचं हेक्टर अर्धा टनसुद्धा धड देत नाही. तेवढंच तेल सोयाबीनचं काढायचं तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती ब्राझीलमध्ये कुणाचं तरी रान मोडूनच येईल. शिवाय इंडोनेशियातल्या पामलागवडीचा मोठा हिस्सा, ४० टक्क्यांच्या आसपास, छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. म्हणजे तिकडेही कुणाची तरी दिवाळी त्याच्यावर होत असणार. झाड वाईट नाही. ते कुठे लावलं, काय तोडून लावलं, हा प्रश्न आहे. आणि नेमकं तेच पाकिटावर नसतं. 'पामोलिन' असतं. कुठल्या देशातलं, कुठल्या जमिनीवरचं, हे नसतं. जंगल न तोडता काढलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणारी एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००४ पासून आहे, तिच्यात पुष्कळ त्रुटी आहेत असं म्हणतात, पण तिचा शिक्कासुद्धा मला आमच्या दुकानातल्या एकाही पुड्यावर अजून सापडलेला नाही. चष्मा कितीही पुसला तरी जे छापलेलंच नाही ते कसं वाचणार?

आणि आता पामतेलाचं झाड इकडे येतं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचं अभियान मंजूर केलं, त्यात भर ईशान्य भारतावर आणि अंदमानवर. म्हणजे आता प्रश्न परक्या जंगलाचाही राहिलेला नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी, आणि ती मला सगळ्यात उशिरा दिसली. नीती आयोगाच्या अहवालात आकडा आहे. २००१ साली आपण माणशी वर्षाला आठेक किलो तेल खात होतो. वीस वर्षांत ते १९ किलोच्या पुढे गेलं. दुपटीहून जास्त! मी कुठलं तेल, कुठलं तेल म्हणून पाकिटं चाळत होतो. किती तेल, हे विचारलंच नव्हतं. आईची फोडणी आजही पळीने मोजून असते. बायकोने आणि मी महिनाभर तेलाचा हिशोब लिहिला तर आमचं 'शुद्ध' शेंगदाण्याचं तेल आईच्या काळातल्या रेशनच्या कोट्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं. मी जंगल वाचवत होतो आणि त्याच वेळी भजी तळत होतो.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. फार काही नाही. तेल कमी केलं. बिस्किटं पुन्हा आली, पण आठवड्याला एक पुडा. सोसायटीतल्या अकरा घरांनी मिळून सोलापूरकडच्या एका शेतकरी गटाकडून करडईचं तेल मागवायला सुरुवात केली. एकत्र घेतलं की भाव जरा उतरतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेरणीच्या आधी त्यांना कळतं की एवढं तेल जाणार आहे. पहिल्या वर्षी पाऊस अवेळी आला आणि ठरलेल्याच्या निम्मंच तेल मिळालं. तीन घरं गळली, दोन नवीन आली. बाजारभावापुढे हे किती टिकेल, मला सांगता येणार नाही. ताईंना बाराव्या घराचा भाग द्यावा असं माझ्या मनात आलं होतं. बायको म्हणाली, "विचार आधी. परत भाषण नको." मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भाव काय?" मी सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सणाला अर्धा लिटर घेईन, दादा." तेवढं त्या घेतात, आणि पैसे देऊन घेतात.

आणखी एक केलं. ग्राहक म्हणून एक पत्र लिहिलं, पाकिटावर तेलाचा देश छापा म्हणून. सोसायटीतल्या सव्वीस जणांच्या सह्या घेतल्या. उत्तर आलेलं नाही. परत पाठवणार आहे, या वेळी शेजारच्या दोन इमारतींच्या सह्या घेऊन.

आईला ते पत्र वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "सह्या ठीक आहेत. माणसं किती आहेत?"

मी म्हटलं, "सव्वीस."

"सव्वीस जणांना सचिवालयाचा शिपाईसुद्धा विचारत नाही रे," आई म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

पाकिटं मी अजूनही वाचतो. सवय लागली ती लागली. पण वाचताना आता मला त्या फळीसमोर एकट्याने उभं असल्यासारखं वाटतं. आईच्या आजूबाजूला हजारो बायका होत्या. ओट्याच्या खणात तिचं ते दुसरं लाटणं अजून आहे. मधे जरा झिजलंय. बायको रोज त्यानेच पोळ्या लाटते.